डोळे धुवायला बावीस लिटर

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला ॲप्रन नसेल तर मुलाला दारातूनच परत पाठवतात. मग तो आधीच्या बॅचमधल्या कुणाचा तरी घामेजलेला ॲप्रन चढवून पाच मिनिटांत हजर होतो. गॉगल नसेल तर मात्र कुणीच काही म्हणत नाही, कारण गॉगल कुणाकडेच नसतो. नोकरीची पहिली अकरा वर्षं माझ्याकडेही नव्हता, आणि मी त्या खोलीत रोज चार-पाच तास असायचे.

सक्ती ॲप्रनचीच का झाली असेल? ॲप्रन दिसतो. पांढऱ्या ॲप्रनमधली पन्नास मुलं ओळीने उभी राहिली की कॉलेजला विज्ञानाची कळा येते, माहितीपत्रकात फोटो छापता येतो. शिवाय तो मुलाच्या बापाने विकत घ्यायचा असतो. डोळे धुवायचा नळ कॉलेजला बसवावा लागतो. जे मुलाने आणायचं ते सक्तीचं, जे संस्थेने द्यायचं ते जमलं तर. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या प्रयोगशाळांची सुरक्षितता या एका वाक्यात मावते असं माझं मत झालं आहे. भिंतीवर 'सावधगिरी बाळगा' असं ऑइलपेंटने लिहिलेलं असतं आणि त्याच भिंतीखालच्या बेसिनच्या नळाला दुपारी बारानंतर पाणी नसतं.

हे माझ्या डोक्यात शिरायला अकरावीतली एक मुलगी कारणीभूत झाली. टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याची तीव्रता मोजणं, चाललं होतं. ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली लांब काचेची नळी, स्टँडला लावलेली, स्टँड टेबलावर, आणि टेबल बेतलेलं ते पुरुषांच्या उंचीने. ब्युरेटचं तोंड त्या मुलीच्या कपाळाच्या वर येत होतं. तिने चवड्यांवर उभं राहून, डाव्या हाताने फनेल धरून, उजव्या हाताने बीकर डोक्याच्या वर नेला आणि सोडिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक, ओतायला लागली. फनेल ब्युरेटच्या तोंडात घट्ट बसलं की आतली हवा अडते आणि मग एकदम बुडबुडा येऊन द्रावण वर उसळतं. तसंच झालं. थेंब खाली आले ते सरळ उजव्या डोळ्यात.

नळाला पाणी नव्हतं. गावाला चार दिवसांआड पाणी सुटायचं आणि तो तिसरा दिवस होता. कोपऱ्यात ड्रम होता, त्यावर ताटली, ताटलीवर मग. आमच्या लॅबमध्ये मदतीला असणाऱ्या मामांनी तिचं डोकं बेसिनवर वाकवलं, मी पापण्या उघड्या धरल्या आणि मामा मगाने पाणी सोडत राहिले. सात-आठ मग झाले असतील. ती म्हणाली, "मॅडम, आता बरं वाटतंय." आम्ही थांबलो. मला तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं. द्रावण डेसिनॉर्मल होतं, म्हणजे लिटरभर पाण्यात जेमतेम ४ ग्रॅम कॉस्टिक. डोळा दोन-तीन दिवस लाल राहिला आणि निवळला. याचं श्रेय मला नाही, मामांनाही नाही. द्रावण पातळ होतं, एवढंच.

नंतर मी वाचायला बसले. डोळे धुण्याच्या नळांसाठी अमेरिकेत एक मानक आहे, झेड ३५८.१ नावाचं, जगभरच्या कितीतरी प्रयोगशाळा तेच प्रमाण धरतात. त्यात म्हटलं आहे की नळ अपघाताच्या जागेपासून १० सेकंदांत पोचता येईल इतक्या अंतरावर असावा, त्यातून मिनिटाला किमान दीड लिटर पाणी यावं, आणि ते सलग १५ मिनिटं यावं. दीड गुणिले पंधरा. साडेबावीस लिटर. आम्ही त्या मुलीच्या डोळ्यात जास्तीत जास्त सात-आठ लिटर घातलं होतं, तेही निम्मं केसांत आणि गणवेशावर. अंगावर सांडल्यास जो मोठा फवारा लागतो त्याचा आकडा तर आमच्याकडे वाचूनही दाखवता येणार नाही: मिनिटाला सुमारे ७५ लिटर, पुन्हा १५ मिनिटं. कॉलेजच्या गच्चीवरची काळी हजार लिटरची टाकी एका मुलाला पुरणार नाही.

आणखी एक तपशील त्या मानकात आहे. पाणी कोमट असावं, १६ ते ३८ अंश. अमेरिकेत ही अट हिवाळ्यातल्या गारठलेल्या नळांसाठी महत्त्वाची असेल. मी मात्र मे महिन्यातल्या दुपारी आमच्या गच्चीवरून येणाऱ्या पाण्याखाली हात धरून पाहिला आहे. त्या पाण्याखाली कुणी १५ मिनिटं डोळा उघडा ठेवणार नाही.

कॉस्टिकबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण घरीदारी आपण भितो ते ॲसिडला. ॲसिड झोंबतं, माणूस ओरडतो, हात झटकतो, पाण्याकडे धावतो. कॉस्टिक बोटाला लागलं तर बुळबुळीत लागतं, बस. ती बुळबुळ म्हणजे साबण. तेल आणि कॉस्टिकचा साबण होतो हे आपण आठवीत शिकतो. इथे तेल आपल्याच कातडीचं असतं. ॲसिडने डोळ्यातली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थर पुष्कळदा पुढची वाट थोडी तरी अडवतो. कॉस्टिकसारख्या अल्कलीत तसा थर धरत नाही, ती ऊती विरघळवत आत उतरत राहते. म्हणून "बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवायचा नसतो. घड्याळावर ठेवायचा असतो. फिनॉलचं याहून वाईट: ते त्या जागेची जाणीवच मारतं, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं, आणि तोवर ते कातडीतून अंगात जात असतं.

सल्फ्युरिकची लबाडी वेगळीच. पातळ सल्फ्युरिकचा थेंब ओढणीवर उडाला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पाणी उडून जातं, सल्फ्युरिक उडत नाही. थेंब वाळता वाळता आपोआप तीव्र होत जातो आणि सुताचे धागे खात बसतो. दुसऱ्या दिवशी ओढणी धुतली की चाळणी. मुली तक्रार घेऊन येतात तेव्हा त्यांना वाटतं धोब्याने किंवा आईने काहीतरी केलं.

मामांच्या सगळ्या शर्टांना अशी भोकं आहेत. आता मामांकडे यायला हवं, कारण या लेखाचा खरा विषय तेच आहेत.

शासनाच्या भाषेत ते प्रयोगशाळा परिचर. मुलं मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. परीक्षेत मुलांना एक अनोळखी क्षार, म्हणजे सॉल्ट, ओळखायला देतात. त्या दिवशी "मामा, सॉल्ट सांगा ना" म्हणून पोरं त्यांच्या मागे लागतात; मामांनी आजवर कुणाला सांगितल्याचं मी पाहिलं नाही, पण कुणी फारच रडकुंडीला आलं तर ते म्हणतात, "वास घेऊ नको, जाळून बघ." सकाळी साडेसातला, मुलं यायच्या आधी, ते स्टोअरमधून सल्फ्युरिकची अडीच लिटरची बाटली आणतात. या आम्लाची घनता १.८४, म्हणजे नुसता द्रवच साडेचार किलोच्या वर, काच वेगळी. बाटली धरायला टोपली किंवा बादली हवी. मामा एक हात मानेला आणि एक हात बुडाला लावून, छातीशी धरून आणतात. पोराला आणावं तशी.

मग पातळ करणं. आधी पाणी, मोठ्या बीकरमध्ये. त्यात काचेच्या कांडीवरून ॲसिडची बारीक धार. थोडं ओतायचं, थांबायचं, बीकरला बाहेरून हाताची उलटी बाजू लावून बघायची, निवू द्यायचं, पुन्हा थोडं. घाई नाही. मी एकदा विचारलं, "मामा, उलटं का करायचं नाही हो?" ते म्हणाले, "मॅडम, तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की फोडणी उडते. तसंच." माझ्या पुस्तकात विरलनाची उष्णता, घनतांमधला फरक वगैरे एक परिच्छेद आहे. मामांच्या वाक्यात तो सगळा येतो: हलकं पाणी वर राहतं, जिथे दोन्ही भेटतात तिथे क्षणात उकळी फुटते आणि वाफ ॲसिड घेऊन तोंडावर येते.

हे ज्ञान त्यांना कुणी दिलं नाही. त्यांच्या आधीचे परिचर करत होते ते बघून ते शिकले. कुठलंही प्रशिक्षण नाही, हातमोजे नाहीत. एकदा मी आणून दिले होते ते पातळ, डॉक्टरी, आणि ॲसिडसाठी निरुपयोगी निघाले. विद्यार्थी आठवड्यातून एक-दोनदा त्या खोलीत येतो आणि दोन वर्षांनी जातो. मी दिवसाचे काही तास असते. मामा सव्वीस वर्षं तिथे आहेत. आमच्या शेल्फवरच्या बाटल्यांवर पांढरी पूड बसलेली असते. नवे शिक्षक तिला धूळ समजतात. ती धूळ नाही. शेजारी-शेजारी ठेवलेल्या हायड्रोक्लोरिक आणि लायकर अमोनियाच्या (अमोनियाच्या तीव्र द्रावणाच्या) बुचांतून जे वायू निसटतात ते हवेत भेटून अमोनियम क्लोराइड होतं, ते हे. बाटल्यांवर जे बसतं ते त्या खोलीत श्वास घेणाऱ्याच्या छातीतही जातच असणार. एक्झॉस्ट फॅनची पाती त्या वाफांनी खाल्ली, दाराच्या बिजागऱ्या खाल्ल्या. मामांचा खोकला आम्ही बिडीच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भातला तो आदेश आहे आणि तो यायलाच हवा होता. त्यात शिक्षणसंस्था, संशोधन प्रयोगशाळा, रुग्णालयं यांच्यासाठीही सूचना आहेत. ॲसिडच्या वापराची नोंदवही ठेवायची आणि ती उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतांकडे, सादर करायची. साठ्यासाठी एक माणूस जबाबदार धरायचा. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची तपासणी करायची.

म्हणजे प्रयोगशाळेच्या दारातून ॲसिड बाहेर जाऊ नये याची व्यवस्था देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लावली. आणि त्याच दाराच्या आत ते कुणाच्या डोळ्यात जाऊ नये याची? आमच्याकडे नोंदवही आहे. किती मिलिलिटर आलं, किती खर्ची पडलं, किती शिल्लक, खाली माझी सही. किती जणांना भाजलं, असा रकाना तिच्यात नाही, आणि दुसरी कुठली वही नाही. ॲसिडचा हिशेब आहे, माणसांचा नाही. आदेशाचा यात दोष नाही. त्याचा विषयच वेगळा होता. दोष आमचा, की नोंदवही घालून दिल्यावर आम्हाला सुरक्षिततेचं काम झालं असं वाटलं.

कारखान्यात हे असं चालत नाही, निदान कागदावर. १९४८ च्या कारखाने कायद्यात उडणाऱ्या कणांपासून आणि प्रखर उजेडापासून कामगाराच्या डोळ्यांचं रक्षण करायला वेगळं कलमच होतं. कारखान्याला निरीक्षक असतो. तो येतो की नाही, आल्यावर काय करतो, हे सोडा. पद तरी असतं. कॉलेज हा कारखाना नाही. मामा जे करतात ते उत्पादन नाही, म्हणून त्यांच्या हातातली साडेचार किलोची बाटली निरीक्षकाच्या नजरेत येत नाही. भारतीय मानक ब्युरोची रासायनिक प्रयोगशाळांसाठी सुरक्षा संहिता आहे, आयएस ४२०९. पण मानक असणं आणि ते कुणीतरी दारात येऊन विचारणं या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. मला आजवर एकदाही कुणी विचारलेलं नाही.

नोकरदार असण्याने काय फरक पडतो याचं एक उदाहरण परदेशातलं आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी सांगजी या २३ वर्षांच्या तरुणीच्या हातातल्या सिरिंजचा दट्ट्या निसटला. आतलं रसायन हवेत आपोआप पेटणारं होतं. तिच्या अंगावर लॅबकोट नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. ते रसायन आमच्यासारख्या कॉलेजात कधी येणार नाही, तो मुद्दा नाही. मुद्दा हा की ती विद्यार्थिनी नव्हती, पगारी संशोधन साहाय्यक होती. म्हणून राज्याचं कामगार-सुरक्षा खातं आत शिरू शकलं, विद्यापीठाला दंड झाला, आणि पुढे प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. त्यानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांना आपल्या प्रयोगशाळांकडे कामाची जागा म्हणून बघावं लागलं. आमच्याकडे प्रयोगशाळेकडे वर्ग म्हणून बघतात. वर्गात बेशिस्त मुलालाच लागतं, अशी आपली ठाम समजूत.

आणि कामाची जागा म्हणायचं तर तिथला माणूसही टिकायला हवा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी पूर्वीसारखी न भरता शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचा निर्णय काढला. पैशाचा हिशेब म्हणून तो समजू शकते. पण ठोक भत्त्यावर आलेला पोरगा सहा महिने थांबेल, मग कुठल्यातरी कंपनीत जाईल. फोडणी का उडते हे त्याला कोण सांगणार? मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताला जे कळलं आहे ते कुठेही लिहिलेलं नाही.

स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला की एक सर हमखास म्हणतात, "आम्ही तोंडाने पिपेट ओढून एम.एस्सी. झालो, काय झालं आम्हाला?" खरं आहे. मीही ओढली आहे; द्रावण मोजून घ्यायची ती काचेची नळी आम्ही तोंडाने ओढूनच भरायचो. ऑक्झॅलिक ॲसिडची ती आंबट-तुरट चव, आणि मग दातांवर खडूसारखं काहीतरी, विज्ञानशाखेच्या माझ्या पिढीला पाठ आहे. पण या युक्तिवादात एक अडचण आहे. ज्यांना काहीच झालं नाही तेच स्टाफरूममध्ये बसून हे सांगू शकतात. ज्याचा डोळा गेला तो केमिस्ट्रीचा प्राध्यापक झाला नाही. शिवाय तोंडाऐवजी पिपेट ओढायला लागतो तो रबरी बल्ब काही फार महागाची वस्तू नाही, आमच्याकडे बारा आहेत. ते कपाटात बंद असतात, कारण वापरले की फुटतात आणि फुटले की डेडस्टॉक रजिस्टरला लिहावं लागतं.

दुसरा आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. तो असा, की नियम कडक केले तर संस्था प्रयोगच बंद करतील. आताच कितीतरी ठिकाणी वर्षभर लॅबला कुलूप असतं, जानेवारीत जर्नल एकमेकांची बघून उतरवली जातात आणि परीक्षेला मुलं पहिल्यांदा ब्युरेट हातात धरतात. तिथे आणखी एक परिपत्रक गेलं तर व्यवस्थापनाला छान सबब मिळेल: सुरक्षितता नाही, म्हणून प्रात्यक्षिक नाही, व्हिडिओ बघा. आणि जो मुलगा व्हिडिओ बघून पास झाला तो उद्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागणार आहे. तिथे बाटल्या नसतात, टँकर असतात. लोटे-परशुरामला, तारापूरला, कुरकुंभला, पाताळगंगेला आमची कितीतरी मुलं आहेत. कॉस्टिक बुळबुळीत लागतं हे ज्याला सतराव्या वर्षी सौम्य द्रावणात कळलं त्याला ते तिथे कामी येईल.

म्हणून मी फवारा मागत नाही, घातक वाफा बाहेर ओढून नेणारं पाच लाखांचं कपाट, म्हणजे फ्यूम कपबोर्ड, मागत नाही. (आमच्याकडे एक आहे. त्यात २००४ पासूनची जर्नल ठेवलेली आहेत.) मला एवढंच हवं आहे की बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र देताना दोन गोष्टी पाहाव्यात: नळ सोडला तर पंधरा मिनिटं पाणी येतं का, आणि जितकी मुलं एका बॅचला बसतात तितके गॉगल कॉलेजच्या मालकीचे आहेत का. पाणी नसलेल्या गावात तिसऱ्या मजल्यावरची मोठी टाकी नको, लॅबच्या आत भिंतीवर, डोक्याच्या उंचीच्या थोडं वर पन्नास लिटरची वेगळी टाकी बसवा, सावलीत, तोटीला हाताने उघडता येईल असा कॉक लावा आणि दर सोमवारी पाणी बदला. तिला दुसरं कुणी हात लावायचा नाही. एखाद्या गाईडच्या किमतीत एक गॉगल येतो, आणि गाईड दरवर्षी बदलतं, गॉगल बदलत नाही. ब्युरेट भरताना स्टँड जमिनीवर ठेवायचा, हा तर फुकटचा उपाय आहे. त्या मुलीनंतर मी तो सुरू केला, आणि मला तो आधी सुचला नव्हता याची लाज वाटते.

बाकी पुष्कळसा बदल करायचा आहे तो रसायनांच्या प्रमाणात. माणसाला सावध करण्यापेक्षा बाटली लहान करणं सोपं. नायट्रेट ओळखायच्या रिंग टेस्टला दोन मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक लागत नाही, ड्रॉपरने आठ-दहा थेंब सोडले तरी तपकिरी कडं तितकंच सुंदर दिसतं. मग प्रत्येक टेबलावर अर्ध्या लिटरची बाटली कशाला? दहा मिलिलिटरची ड्रॉपर-बाटली पुरते. काच धुवायला क्रोमिक ॲसिड करण्याची प्रथा अजून कुठेकुठे आहे. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे हे माहीत असूनही आहे. रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घालून ब्रशने घासलं तर आमच्या कामापुरती काच निघते. प्राणिशास्त्रात बेडकाचं विच्छेदन बंद करायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये सूचना काढल्या. चांगलं झालं. बेडकाची बाजू घ्यायला माणसं उभी राहिली, सोसायट्या उभ्या राहिल्या, पत्रव्यवहार झाला. लॅबच्या मामांची बाजू घेणारी सोसायटी मला अजून भेटलेली नाही.

आणि चिठ्ठ्या. बाटलीवर छापलेलं असतं ते इंग्रजीत. लाल चौकटीतलं चित्र, हातावर आणि धातूवर थेंब पडून दोन्ही झिजतायत असं, ते तरी कळतं. पण मूळ बाटली स्टोअरमध्ये राहते. टेबलावर येते ती दुसरी, मामांनी किंवा मी स्केचपेनने 'डाय. एचसीएल', म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक, असं लिहिलेली, तीही ॲसिडनेच पुसट झालेली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला 'कॉरोझिव्ह' म्हणजे काय ते कळत नाही आणि पाठ्यपुस्तकी 'क्षरणकारी' तर कुणालाच कळत नाही. मी आता नव्या चिठ्ठ्या केल्या आहेत. सल्फ्युरिकवर: 'भाजेल. कापड खाईल. डोळ्यात गेल्यास लगेच पाणी, १५ मिनिटं.' कॉस्टिकवर: 'बुळबुळीत लागलं म्हणजे भाजतंय.' लायकर अमोनियावर: 'उन्हाळ्यात गार केल्याशिवाय उघडू नका.' हे शेवटचं मामांनी सांगितलं. एप्रिलमध्ये बाटलीत दाब वाढतो आणि बूच काढताच वाफेचा लोट चेहऱ्यावर येतो. ते आधी बाटली माठाशेजारच्या ओल्या पोत्यात तासभर ठेवतात.

चिठ्ठ्यांवरून एका सहकाऱ्याने नाक मुरडलं. विज्ञानाची भाषा अशी नसते म्हणे. नसेल. शेल्फवरचा बायकार्बोनेटचा 'प्रथमोपचार' लिहिलेला बुधलाही मी काढून टाकला, त्यावरही वाद झाला. ॲसिडवर अल्कली घालून मारायचं, हे वहीत समीकरण म्हणून ठीक आहे. माणसाच्या कातडीवर त्या समीकरणाची उष्णताही बाहेर पडते, आणि बुधला शोधण्यात पहिलं मिनिट जातं. पहिलं मिनिट पाण्याचं आहे.

मामा निवृत्त व्हायच्या आधी त्यांना बोलतं करून सगळं लिहून घ्यायचं मी ठरवलं आहे. आतापर्यंत दोन वेळा बसलो. ते सांगताना मध्येच उठून करून दाखवतात, आणि लिहायचं राहतं.

यंदा फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. चांगले गृहस्थ, मुलांना घाबरवलं नाही. बैठक क्रमांक तपासले, सॉल्टची यादी पाहिली, सीलबंद पाकिटावर सही केली, नोंदवही मागितली आणि तिच्यावरही सही केली. एका मुलाच्या अंगावर ॲप्रन नव्हता, त्याला बाहेर काढलं. दुपारी जेवायला जाण्याआधी हात धुवायला बेसिनशी गेले, नळ फिरवला, पुन्हा फिरवला. मग मामा ड्रममधून मग भरून घेऊन आले आणि त्यांच्या हातांवर पाणी घालू लागले.